ताप नसलेले रोगी

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर एकदा लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या बापाला म्हणाले होते, "आ करा." हातात भाताचा घास, समोर पाहुणेमंडळी, वाढपी वरणाचं भांडं घेऊन उभा. त्या गृहस्थांना वाटलं, आग्रहाचा घास भरवतात. त्यांनी कौतुकानं तोंड उघडलं. कंपाउंडरनी घास पत्रावळीवर ठेवला, डाव्या हातानं त्यांची हनुवटी धरून मान उजेडाकडे वळवली, गालाच्या आत पाहिलं आणि भर मांडवात विचारलं, "हा पांढरा चट्टा कवापासून आहे?"

त्यानंतर गावात त्यांना लग्नाची आमंत्रणं येणं बंद झालं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. "बरं झालं," ते मला म्हणाले, "लोकायचे तोंड पाहाले लग्नातच जा लागते असं थोडीच आहे?"

मी तेव्हा गोंदिया स्टेशनवर तारबाबू होतो. वर्ध्याकडून बदली होऊन नुकताच आलो होतो. घरी म्हातारी माय आणि बायको. दवाखाना स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कंपाउंडर रोज संध्याकाळी माझ्या खिडकीशी यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "उद्या सकाळची नागपूर गाडी वक्तावर आहे का?" गाडी त्यांच्यासाठी नसायची. ज्याच्या तोंडात, छातीत, मानेत काही सापडलं असेल त्या माणसाला ते त्या गाडीनं नागपूरच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचे. नुसती चिठ्ठी देऊन थांबायचे नाहीत. डब्यात बसवायचे, गार्डाला दम द्यायचे आणि गाडी सुटेपर्यंत दारात उभे राहायचे, कारण अर्धे लोक शिटी झाली की खाली उडी मारून पळायचे.

माणूस उंच, हाडकुळा. भर वैशाखातही अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. त्याच्या एका खिशात लांब दांड्याचा पितळी चमचा आणि दुसऱ्यात तळहाताएवढा आरसा. अंगाला जखमा धुवायच्या कार्बोलिकचा वास इतका मुरलेला, की ते यायच्या आधी वास यायचा. मूळचे पवनीकडचे, बोलणं पक्कं झाडीपट्टीचं. लग्न केलं नव्हतं. इंग्रजी यायचं ते औषधांच्या नावापुरतं. डॉक्टरकीची परीक्षा त्यांनी कधी दिली नव्हती, पण त्यांनी पाहिलं होतं ते मोठमोठ्यांनी पाहिलं नव्हतं: माणूस तंबाखू-चुना ज्या गालात धरतो, बरोबर त्याच गालात ती न भरणारी जखम होते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेकडो तोंडं उघडून त्यांनीच ते शोधलं होतं. सालेकशाच्या बाजाराच्या दिवशी ते गाडीनं तिकडे जायचे. तिथे जंगलातून मोहफुलं आणि तेंदूपानं घेऊन बायामाणसं यायची. कंपाउंडर भाजीवाल्यांच्या रांगेत पोतं अंथरून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडायचे, "विकून नाई राहिलो बाप्पा! फुकट पाहून राहिलो! आ कर!"

लोक त्यांना अर्धवट म्हणायचे, चिडका तर सगळेच म्हणायचे. चिडके ते होतेच. 'नंतर' हा शब्द कानावर पडला की त्यांच्या कपाळाची शीर उठायची. कुणी म्हटलं, "भाताची रोवणी झाल्यावर जातो नागपूरला," की ते दवाखान्याच्या ओसरीतून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचे. "ताप ढोल बडवत येते! सारं गाव उठून पाह्यते. गाठ चोरावानी येते. ते काय तुह्या रोवणीची वाट पाहून राहिली?"

कामठ्याच्या एका तेल्याचा खालचा ओठ असा सडत चालला होता. कंपाउंडरनी त्याला तीनदा गाडीतून पळताना पकडलं आणि चौथ्यांदा स्वतः शेजारी बसून नेलं. नागपूरला ओठ कापून शिवला. तो बरा होऊन परत आला तेव्हा कंपाउंडरनी त्याला बाजारातून मिरवलं. चौकात उभं करून तांब्याभर पाणी प्यायला लावलं. एक थेंब सांडला नाही. "पाहा!" कंपाउंडर ओरडत होते, जणू तो ओठ त्यांनीच जन्माला घातला होता. "कापलेला, शिवलेला आन् जिवंत!" तेली बिचारा लाजून चूर झाला होता. पण त्या आठवड्यात चार माणसं आपणहून तोंड दाखवायला आली.

माझ्या घरी ते आले ते भाद्रपदात, गाडीची वेळ विचारायला. मी ड्यूटीवर नव्हतो म्हणून घरी आले. माय अंगणात दोरीवरची गोधडी काढत होती. कंपाउंडर माझ्याशी बोलता बोलता थांबले.

"माय, डावा हात कायले आखडून राहिल्या?"

"झोपीत अवघडला, बाप्पा."

"कवा अवघडला?"

मायनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाली, "होळीपासून."

पुढचं त्यांनी फार हळू आवाजात केलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. माझ्या बायकोला बोलावलं, आत नेऊन छातीत काय चाचपायचं, कसं चाचपायचं ते उंबऱ्याबाहेरून सांगितलं. भिजल्या हरभऱ्यासारखं लागतं की सुपारीसारखं? बोटानं सरकतं की खाली चिकटलेलं आहे? बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "सुपारीसारखी आहे," ती म्हणाली. "पण सरकते."

कंपाउंडर ओट्यावर बसले. "सरकते तवरी कापता येते," ते म्हणाले. "आठ दिवसांत नागपूर. परवा गाडीत बसवतो."

आणि मी म्हणालो, "दिवाळीनंतर नेतो."

माझी कारणं होती. तारघरातला माझा जोडीदार रजेवर होता, मी नवा होतो, साहेबाकडे रजा मागायची भीती वाटत होती. शिवाय मायनंच म्हटलं होतं, एवढ्याशा गाठीसाठी काय धावता. "गाठीले पंचांग समजते का रे बाबू?" कंपाउंडर एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

तीन आठवड्यांनी मानमोडी आली, एकोणीसशे अठराची ती तापाची साथ.

ती गाडीतूनच आली, आमच्या डोळ्यांसमोर. लढाईवरून परतणारे शिपाई तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरायचे आणि फलाटावरच आडवे व्हायचे. आठ दिवसांत आमच्या स्टेशनातली निम्मी माणसं अंथरुणात. पंधरा दिवसांत गावात सरणाला लाकूड मिळेना. जंगल इतक्या जवळ असताना लाकूड मिळेना, कारण तोडायला आणि वाहायला माणूस उभा नव्हता. दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ होते. ते चौथ्या दिवशी तापले आणि आठव्या दिवशी गेले. उरले कंपाउंडर. काढ्याचे हंडे चुलीवर ठेवून ते घरोघर फिरायचे, आणि त्या धांदलीतही ज्याला जीभ दाखव म्हणायचं त्याचे दोन्ही गालही पाहायचे.

त्या दिवसांत माझ्या यंत्रावर एक तार आली. ती मीच उतरून घेतली, मीच दवाखान्यात नेली. इंग्रजीत होती, म्हणून मीच वाचून दाखवली. नागपूरच्या इस्पितळात तापाशिवाय दुसरे रोगी पाठवू नयेत. पुढील हुकमापर्यंत.

"गाठीले हा हुकूम कोण वाचून दाखवन?" कंपाउंडर म्हणाले.

मला कुणी म्हणेल, शहर मरत होतं, त्यांनी काय करायचं? मी तारबाबू होतो, त्या शहरातून काय बातम्या येत होत्या ते मला ठाऊक आहे. तापकऱ्यांना जागा दिली याचा मला राग नाही. राग याचा आहे, की एवढ्या मोठ्या इस्पितळात एक खोली, एक सुरी आणि एक माणूस बाकीच्यांसाठी ठेवावा असं एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. साथ आली म्हणून बाकीचे रोग रजेवर गेले, असं त्यांनी धरून चाललं.

कंपाउंडरनी ती तार मानली नाही. आश्विनात एका सकाळी ते माझ्या घरी आले आणि मायला म्हणाले, "चाला." मला रजा मिळणं शक्यच नव्हतं, चौघांचं काम मी एकटा करत होतो. मी दोघांना गाडीत बसवलं. पुढचं मला काही मायनं सांगितलं, काही कंपाउंडरनी.

फाटकावर टेबल टाकून एक कारकून बसला होता आणि शेजारी एक शिपाई. कारकुनानं वर न पाहता विचारलं, "ताप?"

"गाठ आहे. छातीत. अजून सरकते."

"ताप आहे का?"

"नाई."

"मग घरी न्या. साथ गेल्यावर या."

कंपाउंडर बाजूला झाले. त्यांनी मायला रस्त्याकडेच्या झाडाखाली बसवलं, जवळच्या घरातून कढत पाणी मागून आणलं आणि तिला ते घोट घोट तोंडात धरायला लावलं. ओठ भाजले, तरी लावलं. मग तिला पुन्हा फाटकाशी नेऊन सांगितलं, "ताप चढला." कारकुनानं तिच्या जिभेखाली काचेची नळी ठेवली, पाहिली आणि आत सोडलं. काही न विचारता सोडलं.

माय सांगायची, आत लांबच लांब पडवी होती आणि जमिनीवर ओळीनं माणसं. तिला दोन बायांच्या मध्ये जागा दिली. एक खोकत होती. दुसरी खोकत नव्हती, म्हणून मायनं तिच्या अंगावर पांघरूण सारखं करायला हात लावला, तर ती गार पडलेली.

बाहेर कंपाउंडरना तोवर कळलं होतं, की आपण काय करून बसलो. गाठ दाखवण्यासाठी त्यांनी तिला मानमोडीच्या तोंडात नेऊन ठेवलं होतं, आणि गाठ पाहायला तिथे कुणी येणारही नव्हतं. भंगी ज्या दारानं जायचे त्या मागच्या दारानं ते आत शिरले. वाटेत त्यांना शस्त्रक्रियेची खोली लागली. तिच्या दाराला कुलूप होतं आणि काचेतून आत कापायच्या टेबलावर छतापर्यंत रचलेल्या घोंगड्या दिसत होत्या. त्यांनी मायला शोधलं, उचलून उभं केलं आणि तिला धरून बाहेर आणलं. "कंपोटर शिव्या देऊन राहिला होता का रडून राहिला होता, मले काही समजलं नाही," माय म्हणायची. "दोन्ही एकाच तोंडानं चालू होतं."

मानमोडी तिला झाली नाही. कंपाउंडरना झाली. ते अकरा दिवस पडून होते. माझी बायको त्यांना पेज नेऊन द्यायची, आणि ग्लानीत ते तिला तोंड उघडायला सांगायचे.

पौषात नागपूरचा रस्ता मोकळा झाला. या वेळी मला रजा मिळाली. आम्ही तिघं गेलो. सर्जन सभ्य माणूस होता. तो स्वतः मानमोडीतून उठला होता आणि त्याचे हात अजून कापत होते. त्यानं मायला तपासलं, काखेत चाचपलं, गळ्याच्या खाली चाचपलं. मग आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, "इतका उशीर का केला? दोन-तीन महिने आधी का नाही आणलं?"

कंपाउंडर पुढे झाले.

"आनलं होतं साहेब. तुमच्या फाटकानं ताप मागितला. आमच्यापाशी नव्हता."

गाठ आता सरकत नव्हती.

माय फाल्गुनात गेली. शेवटच्या दोन महिन्यांत काय झालं ते मी लिहिणार नाही. कंपाउंडर रोज सकाळी येऊन जखम धुवायचे. त्या खोलीत मला पाच मिनिटं उभं राहवत नसे, ते तासभर बसायचे आणि तिला बाजारातल्या गोष्टी सांगून हसवायचे. अशी ती एकटीच नव्हती. त्या तीन-चार महिन्यांत ज्यांना ते गाडीत बसवणार होते ते सगळे घरीच राहिले होते, आणि आता एकेक करून त्यांच्या ओसरीत येत होते. तोंड उघडायला सांगावं लागत नव्हतं. तोंड मिटतच नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात भंडाऱ्याहून जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन दवाखान्याच्या तपासणीला आले. नवे डॉक्टर रुजू झाले होते. एका तारेचं उत्तर घ्यायचं म्हणून मी तिथे उभा होतो. साहेब खुशीत होते. बुटाच्या टोकानं फरशीवर ताल धरत ते नव्या डॉक्टरांना म्हणाले, "मानमोडीच्या साली एक चांगली गोष्ट झाली. नागपूरला गाठींचे आणि व्रणांचे रोगी पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आले. काही जणांचं मत आहे, की जोराच्या तापात अशा गाठी जिरत असाव्यात. विचार करण्यासारखं आहे."

कंपाउंडर कोपऱ्यात बाटल्यांत औषध ओतत होते. त्यांनी बाटली खाली ठेवली, बूच लावलं आणि बाहेर गेले. मला वाटलं, बरं झालं, गेले.

तो गोंदियाच्या बाजाराचा दिवस होता. ओसरी भरलेली होती. पाच मिनिटांत दार उघडलं आणि माणसं आत यायला लागली. एक म्हातारा गोंड, गालाला आरपार भोक पडलेला. कामठ्याकडची एक बाई, छातीशी दोन्ही हातांनी पदर दाबून धरलेली. एक विडी वळणारा, मानेत नारळाएवढी गाठ. त्यांच्या मागे आणखी. खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. कंपाउंडर दाराला पाठ लावून उभे राहिले.

"आ करा," ते म्हणाले.

सगळ्यांनी तोंडं उघडली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"पाहून घ्या, साहेब," कंपाउंडर म्हणाले. त्यांचा आवाज सुरुवातीला साधा होता, मग चढत गेला. "हे तुमचे कमी झालेले रोगी. कमी नाई झाले. तुमच्या फाटकानं वापस केले. वापस केलेला माणूस कागदावर नाई दिसत, म्हणून तो बरा झाला म्हणता? गाठी जिरल्या म्हणता? हे जिरून राहिले का? नाकावरचा रुमाल काढा आन् सांगा! आन् जे मसणात गेले, ते कोणत्या कागदावर आहेत?"

साहेब ओरडले, डॉक्टर गयावया करू लागले, शिपायानं कंपाउंडरना दारातून ओढलं. पण मला आठवतं ते एवढंच, की इतका गोंधळ चालू असताना त्या माणसांनी तोंडं मिटली नव्हती. मिटा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चौकशी लागली. लेखी माफी मागितली तर नोकरी राहील, असा निरोप आला. मसुदा इंग्रजीत हवा होता, म्हणून कंपाउंडर माझ्याकडे आले. मी लिहिला आणि ओळ ओळ मराठीत वाचून दाखवला. "मी साहेबांसमोर आवाज चढवला."

"खरं आहे. राहू दे."

"मी हुकमाशिवाय बाहेरच्या लोकांना खोलीत आणलं."

"तेही खरं आहे."

"मी रोग्यांविषयी चुकीचं चित्र उभं करून साहेबांची दिशाभूल केली."

"हे खोड."

"कंपाउंडर, त्यांना हीच ओळ पाहिजे आहे. बाकीची माफी त्यांना नको आहे."

"मले समजते. खोड."

"नोकरी जाईल."

"खोड म्हटलं ना बे!" त्यांनी माझ्या हातातला टाक हिसकावला आणि स्वतःच ती ओळ इतक्या जोरानं खोडली की कागद फाटला. मी तो तसाच फाटका पाठवला. महिन्याभरात त्यांना बडतर्फ केलं. गावानं काय केलं? काही नाही. ज्यांच्या बापाचे, बायकोचे, भावाचे गाल त्यांनी तपासले होते ते बरेच जण म्हणाले, जास्तच बोलले ते, साहेबाशी असं बोलावं का. हे ऐकून माझ्या अंगाची आग व्हायची. आजही होते.

कंपाउंडरनी दवाखान्यासमोरच्या चिंचेखाली एक खुर्ची टाकली. अंगात तोच कोट होता. नवे डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते. साहेब भंडाऱ्याला परत गेले की ते गुपचूप पट्ट्या आणि कार्बोलिकची बाटली पाठवायचे आणि यांची चिठ्ठी स्वतःच्या सहीनं नागपूरला जाऊ द्यायचे. रोगी चिंचेखाली येत राहिले. सहा-सात वर्षं तसंच चाललं. त्यात किती जण वाचले ते मला माहीत नाही, पण ओठ शिवलेली, गाल शिवलेली माणसं बाजारात मला भेटायची आणि मी त्यांना ओळखायचो.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट रुतून बसली होती. या माणसानं कारकुनाला, सर्जनला, सिव्हिल सर्जनला, देवाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. रोवणीनंतर जातो म्हणणाऱ्या अडाणी माणसाला ते रस्त्यावर झोडपायला निघायचे. आणि मी, शिकलेला, पगारी, 'दिवाळीनंतर' म्हणालो होतो, हे त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मायच्या मयतीलाही नाही. साथ यायच्या आधी पुरते तीन आठवडे मोकळे होते. त्या तीन आठवड्यांत फाटक उघडं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

गोंदियाहून माझी बदली झाली तेव्हा जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते स्टेशनवर आले. फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. मी विचारलं. इतक्या वर्षांनी का होईना, विचारलं. "तुम्ही मला कधीच का बोलला नाहीत? चूक माझी होती."

त्यांनी नाही म्हटलं नाही. खोटं समाधान करायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

"होती," ते म्हणाले. "तुही चूक होतीच. ते तुले मरेपर्यंत पुरन, त्यात माही भर कायले पाहिजे?" मग त्यांच्या कपाळाची ती शीर मला वर आलेली दिसली. "आन् बाबू, एक सांगतो. तुह्यावर बोंबललो असतो ना, तं ते फाटकवाले सुटले असते."

एवढं बोलून ते उठले आणि सालेकशाची गाडी आज वक्तावर आहे का, ते विचारायला माझ्या जागी आलेल्या नव्या तारबाबूच्या खिडकीकडे गेले.